आईच्या जाण्याची वेळ

आई अकरा वाजून वीस मिनिटांनी गेली, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. ते चूक आहे. ती वेळ माझ्या तोंडून निघाली आणि मी ती तशीच राहू दिली.

डहाणूच्या घरात पुढच्या खोलीत मुलीचा जुना संगणक होता. लग्न होऊन ती वापीला गेली, संगणक माझ्याकडे राहिला. आईची खाट त्याच खोलीत होती, कारण तिथला पंखा बरा चालायचा. नव्वदी ओलांडलेली आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. डोक्याने मात्र ठीक होती.

संगणकाचं घड्याळ मागे पडायचं. चालू असेतो नीट. बंद केला, वीज गेली, की आतली वेळ जिथल्या तिथे थांबायची. सकाळी सुरू करावा तर पडद्यावर आदल्या रात्रीची वेळ. आई खाटेवरून विचारायची, "तुझं यंत्र कुठल्या गावची वेळ सांगतं रे?" मी चिडायचो. मग ती मुद्दाम तासातासाने विचारायची.

स्टेशनजवळच्या गुजराती दुकानदाराने सांगितलं, "काका, अंदरचा सेल गेला असेल. नवा टाका ने." रुपयाच्या नाण्याएवढा तो चपटा सेल मी आणला आणि डबा उघडून स्वतःच बसवला. घड्याळ तरी मागेच. सेल पक्का बसला नव्हता, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, बिघाड आणखी कुठे आहे आणि तो मीच शोधीन. आईचं दुखणं माझ्या हातात नव्हतं. हे होतं. दिवसचे दिवस मी त्या डब्यापुढे बसू लागलो.

त्या दिवशी बायको सकाळीच तलासरीला माझ्या धाकट्या भावाकडे गेली होती. मी न्याहारीनंतर मोबाइल पाहून संगणकाची वेळ लावली आणि मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवला. मग संगणक बंद कर, वायर काढ, सेल दाबून बघ, थोडं थांब, पुन्हा सुरू कर, असं चाललं होतं. दर वेळी घड्याळ आणखी मागे राहत होतं.

आई म्हणाली, "पाणी दे रे."

"देतो. एवढं घड्याळ लागू दे."

"लागलं का?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"आई, जरा गप्प बस ना."

ती गप्प बसली. पडद्यावर वेळ आली तेव्हा मी मोठ्याने वाचली, "अकरा वीस." तिला चिडवायला वाचली होती. ती काही बोलली नाही, म्हणून मी मागे वळलो.

माझी हाक ऐकून शेजारीण धावत आली. तिने नाडी पाहिली, कपाळाला हात लावला. "किती वाजता गेल्या?" मी म्हणालो, "अकरा वीस." भावाला फोन करायला स्वयंपाकघरात गेलो, मोबाइल उचलला, तर एक वाजायला दहा मिनिटं होती. शेजारीण येऊन पाच-सात मिनिटंही झाली नव्हती.

तलासरीहून भाऊ, त्याची बायको आणि माझी बायको आली. गुरुजी आले. त्यांनी वेळ विचारली. शेजारीणच बोलली, "अकरा वीस. यांनी स्वतः बघितलं ना." गुरुजींनी पंचांग उघडलं. "सव्वाबाराला पंचक सुटलं. म्हणजे आजी पंचकात गेल्या."

पंचकात माणूस गेलं की ते घरातल्या आणखी कुणाला ओढून नेतं, असं आमच्याकडे मानतात. मी दारात उभा होतो. 'नाही, तेव्हा पंचक सुटलं होतं,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग विचारलं असतं, अकरा वीस कुठून आलं? तुम्ही काय करत होता? पाण्याचा तांब्या खाटेखाली रिकामाच होता. गुरुजींनी पिठाचे पाच पुतळे करायला सांगितले. माझ्या बायकोने ते केले आणि आम्ही ते आईबरोबर जाळले.

पुढच्या वर्षी भाऊ गेला. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि संपलं. त्याच्या बायकोने त्याच दिवशी सगळ्यांदेखत म्हटलं, "सासूबाईंनी नेलं त्यांना." तिने आईचा फोटो भिंतीवरून उतरवला. सर्वपित्रीला ती आईचं पान वाढत नाही. मुलाला डहाणूच्या घराचा उंबरा ओलांडू देत नाही. आईने ज्या सुनेला हाताने विडा करून भरवला, ती सून तिला खाणारी म्हातारी म्हणते.

गेल्या महिन्यात मी एसटीने तलासरीला गेलो. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. "या दादा," म्हणाली, पण उठली नाही. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं: घड्याळ, सेल, पाणी, मोबाइलवरची वेळ. सांगताना वाटत होतं, ती मला शिव्या देईल, निदान रडेल आणि आईचा फोटो पुन्हा लावेल.

तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"म्हणजे पंचक नव्हतं."

"नव्हतं."

"पुतळे उगाच जाळले."

"हो."

"तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं."

"हो."

ताटलीतले दाणे तिने बोटाने एका बाजूला केले. मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"मग हे कशाने गेले, दादा?"

ती थांबली. खरंच उत्तराची वाट पाहत थांबली. मग म्हणाली, "दोष तुमच्या आईचा होता तोवर निदान कुणाला तरी बोल लावता येत होता." ताटली उचलून ती आत गेली.

मी बराच वेळ अंगणात बसून राहिलो. पाणी विचारायला कुणी बाहेर आलं नाही, आणि मलाही मागता आलं नाही.