शेक नाकारणाऱ्या ताई

डॉ. नलिनीताईंची आणि माझी पहिली भेट सक्करदऱ्याच्या तलावाकाठी झाली, ऐन मे महिन्यात. सैन्याच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेल्या या बाईंनी माझ्या नव्या बुटांकडे पाहून थेट विचारलं, “आत बोटं हलतात का?” मला तो आगाऊपणा वाटला. बूट मात्र मी बदलले.

पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात ताईंच्या मायाळूपणावर पानंच्या पानं येणार, हे मला ठाऊक आहे. बाई पंचाहत्तरीला पोचली की तिला मायाळू ठरवून लोक मोकळे होतात. मला त्याचा राग येतो. ताईंची माया मी भोगली आहे. ती मऊ नव्हती.

आम्ही काही निवृत्त बायका त्यांच्यासोबत हिमालयात गेलो होतो. बर्फाळ ओढ्यात माझा बूट भिजला. तंबूत पोचले तेव्हा पायाची बोटं मेणासारखी पांढरी आणि बधिर झाली होती. आमच्यातल्या, महाल भागात राहणाऱ्या सुशीलाबाईंनी तेलाची बाटली काढली, स्टोव्ह पेटवला. ताईंनी तो विझवला.

“चोळायचं नाही. शेकायचंही नाही.”

“काहून नाही, डॉक्टरबाई? हिचा पाय दगड होऊन राहिला अन् तुम्ही नुसत्या पाहून राहिल्या.”

“चोळलं तर आतून इजा होते. गाडी खालच्या गावात आहे, मध्ये सगळा बर्फ. आता ऊब दिली आणि वाटेत पाय पुन्हा गोठला, तर बोटं जातील.”

कोरडा मोजा चढवून, नाडी सैल बांधून ताईंनी मला त्या गोठल्या पायावर चालवलं. कॉन्व्हेंटातल्या नन्सनी शिकवलेलं सारं सौजन्य मी त्या उतारावर संपवलं. मी त्यांना कसाई म्हणाले.

“कसाई तर कसाई. पुढचं पाऊल टाका,” म्हणत त्यांनी माझा भार स्वतःवर घेतला.

गावात मात्र त्यांनी लगेच पाणी कोमट करवलं. माझ्या पायाला चटका कळला नसता, म्हणून आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं. पाणी निवलं की पुन्हा कोमट ओतायचं, असं किती वेळ चाललं कोण जाणे. बोटांत जीव परतताना मी किंचाळत होते. त्या माझा हात धरून बसल्या होत्या. मग बोटांमध्ये कोरड्या पट्ट्या सैल ठेवल्या, फोडांना कोणाला हात लावू दिला नाही आणि पाय जमिनीला टेकू न देता मला उचलून गाडीत, तिथून इस्पितळात नेलं.

समोरचा माणूस शिव्या देत असताना त्याच्याच भल्यासाठी ऊब रोखून धरणं, एवढं धैर्य मी दुसऱ्या कोणात पाहिलेलं नाही.

पंचाहत्तरीच्या सोहळ्यात ताईंना शाल पांघरवण्याचा मान मी भांडून मिळवला आहे. व्यासपीठाच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता चढेन. त्या माझ्या पायांकडे पाहतील आणि तेच विचारतील. हलतात, ताई, सगळी हलतात. तुम्हीही अशाच खणखणीत राहा, शंभरी गाठा आणि तेव्हाही मला हाच प्रश्न विचारा.