खुर्चीवरचं पोट

करमाळ्याच्या बाजारात आप्पा हमाली करायचे. आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. घरात कधी भाकरी आणि शेंगाचटणी, कधी नुसतं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. तरी पोट बिघडलंय असं घरात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. पोट भरलं नाही, एवढीच तक्रार असायची. आप्पा पोती टाकून आले की एकच सांगायचे, "शीक. खुर्चीवर बस. वजन उचलायची पाळी येऊ दिऊ नगंस."

मी शिकले. घरातली पहिली पदवीधर. सोलापूरला सात रस्ता चौकाजवळच्या एका ऑफिसात कारकून झाले, जुळे सोलापुरात भाड्याने फ्लॅट घेतला आणि खुर्चीवर अशी बसले की उठायचंच विसरले. पाणी शिपाई आणून द्यायचा, चहाही, फायलीही. ते सगळं मी कमावलंय असं वाटायचं. पाण्यासाठी स्वतः उठणं मला कमीपणाचं वाटे, हे खरं सांगते.

दोन वर्षांत पोट रुसलं. सकाळी साफ नाही, दुपारी गच्च, संध्याकाळी आंबट ढेकर. मी शिकलेली, म्हणून डायरीत नोंदी सुरू केल्या. ओवा आणि काळं मीठ : ढेकर येतो, पुढे काही नाही. इसबगोल : तीन दिवस गुण, मग पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दिलेलं चूर्ण : गुण येतो, पण नेमका साहेबांसमोर. डॉक्टर म्हणाले, चाला, पाणी प्या. ते मी लिहिलंच नाही. चालणं हे काय औषध आहे? आमच्या घरात माणसं चालायची ती गाडीभाडं नसायचं म्हणून.

मग आप्पांची पाठ धरली, हमाली सुटली आणि मी दोघांना सोलापूरला आणलं. आप्पांना सोफ्यावर बसवलं. "आता तुम्ही फक्त बसायचं." पाण्याचा तांब्यासुद्धा मी हातात नेऊन द्यायची. जेवण मात्र हमालीतलंच, चार भाकरी. आईला बसवणं जमलं नाही. भाजीच्या निमित्ताने ती दिवसातून दोनदा तीन जिने उतरायची.

नवव्या दिवशी आप्पा माझ्या खोलीच्या दारात घुटमळले.

"आगं, ती तुजी पावडर हाय का?"

"कशाला?"

"आसंच. बगावं म्हटलं, चव कशी हाय."

आतून आई म्हणाली, "चव न्हाय बगायची त्यास्नी. चार दिस झालं, नुसतंच जाऊन बसून येत्यात."

मी हसले आणि मग डायरी काढली. आयुष्यभर पोती वाहिलेल्या माणसाला नऊ दिवसांत माझं दुखणं लागलं होतं. भाकरी तीच, पीठ तेच, करणारे हातही तेच. आई तेच खात होती आणि तिचं पोट ठणठणीत होतं. आमच्या तिघांत फरक एकच होता. आई बसली नव्हती.

आप्पांना हे सांगितलं. त्यांनी सोफा हाताने चाचपून पाहिला.

"म्हंजी हेनं केलंय व्हय? आन् तुजं खुर्चीनं?" मग एकदम घाबरून म्हणाले, "खुर्ची सोडतीस का काय आता?"

"सोडत नाही. चालत जाऊन बसते."

"आन् लोकं म्हणतील की, एवढं शिकून पोरगी पायीच निघाली."

तेच तर मलाही वाटत होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघालो. वाटेत ऑफिसातल्या एका बाईंनी स्कूटर थांबवली. "बसा ना, सोडते." आप्पा म्हणाले, "नगं बाई, आमी औषध घ्यायलोय."

आप्पा सात रस्त्यापर्यंत येतात आणि रिक्षाने परत जातात. चारच्या दोन भाकरी त्यांनी स्वतःच केल्या. ऑफिसात पाणी मी उठून घेते. चार महिने झाले. आमचं दोघांचं पोट रोज सकाळी पावडरीशिवाय साफ होतं.