रबरी नळी

जिनिंगमधल्या डिझेल इंजिनावर मी ड्रायव्हर होतो, तेव्हाची गोष्ट. दुसरी मोठी लढाई चालू होती. आमचे मिस्त्री त्याच लढाईतून परत आलेले. बसऱ्याकडे सरकारी बोटीवर त्यांनी दोन वर्षं इंजिन सांभाळलं होतं. एक कान गेला, म्हणून घरी पाठवलं. वाशीमला आल्यावर शेठनी त्यांना लगेच ठेवून घेतलं.

उंचावरच्या टाकीतून तेल तांब्याच्या नळीनं खाली यायचं. पण इंजिन थरथरतं, म्हणून शेवटी हातभर रबराची नळी जोडलेली. मिस्त्रींचा सगळा जीव त्या हातभर रबरात. रोज सकाळी ती कोरड्या फडक्यानं पुसायची, बोटांनी चाचपायची, वाकवून भेग दिसते का ते पाहायचं, दोन्ही टोकांचे पट्टे आवळायचे. हे काम माझं होतं.

"बोटीवर नळी फुटली त माणूस पळंल कुठं?" ते म्हणत. "खाली पानी, वर आग. तुले इथं दरवाजा आहे म्हणून तू माजला."

त्या हंगामात नळी फुगली होती, हाताला चिकट लागायची. मिस्त्रींनी शेठना सांगून नवी मागवली, पण लढाईमुळे रबर मिळत नव्हतं. पार्सल येईल येईल म्हणत तीन आठवडे गेले. त्या दिवशी ते स्वतः स्टेशनवर चौकशीला गेले आणि दुपारी हात हलवत परत आले. इंजिनघरात शिरताच त्यांनी विचारलं, "नळी पाह्यली का सकाळी?"

मी म्हणालो, "पाह्यली. ठीक आहे."

मी पाहिली नव्हती. उशिरा आलो होतो, बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. आल्या आल्या मी इंजिन सुरू केलं होतं.

ते पाणी प्यायला बसले. गडव्यातलं पाणी संपायच्या आत पट्ट्यापाशी नळी फाटली. तेलाची चिळकांडी तापलेल्या धुराच्या पाइपावर गेली आणि भप्प करून जाळ उठला. मी दरवाज्यातून बाहेर पळालो. ओरडत होतो, पण पळालो. मिस्त्री आतच राहिले, टाकीच्या शिडीवर चढले. टाकीची तोटी बंद केल्याशिवाय आग थांबणार नव्हती, आणि भिंतीपलीकडे छतापर्यंत रुई रचलेली होती. तिथं पन्नासेक बाया काम करत होत्या.

तोटी बंद झाली. आम्ही वाळू टाकून आग विझवली. रुईला झळ लागली नाही. मिस्त्रींना शिडीवरून उतरवलं तेव्हा हाताची कातडी माझ्या हातात आली.

अकोल्याच्या दवाखान्यात ते चौथ्या दिवशी वारले. शेठनी मला एवढंच विचारलं, "कसं झालं?" मी म्हणालो, "नळी जुनी होती." ते खरंच होतं. कोणी पुढं विचारलं नाही.

तेरवीनंतर मी मिस्त्रींच्या बायकोला भेटायला घरी गेलो. वहिनी सुपात तूर निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. नळी पाहिली नव्हती, खोटं बोललो, पळालो.

त्यांचा हात थांबला नाही.

"आता काहून सांगून राह्यले?" त्या म्हणाल्या. "तुमचं मन हलकं व्हावं म्हणून?"

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मी काय करू हे घेऊन? जा तुमी."

मी चपला न घालता, हातात धरून निघालो.

पुढच्या हंगामात त्या जिनिंगमध्ये कापूस निवडायला येऊ लागल्या. इंजिनघराच्या दारावरूनच बायांची वाट होती. बाकीच्या आत डोकावून हाक मारत, काही विचारत. वहिनी मात्र डोक्यावरचा पदर पुढं ओढून सरळ निघून जात. सहा वर्षं हे चाललं. मग त्या माहेरी, मेडशीकडे, राहायला गेल्या. मला ते दुसऱ्या बाईकडून कळलं.