दाढेखालची लवंग

"समजलं मले. समोर बोला." असे म्हणत तो डावा पंजा वर धरी, तेव्हा चौकातल्या वाहतूक शिपायालाही त्याच्याकडून धडे घ्यावेसे वाटले असते. समोरच्याचे वाक्य अर्ध्यावरच असे. उरलेले अर्धे तो स्वतः पूर्ण करी, त्याचे उत्तर देई आणि पुढच्या माणसाकडे वळे. तुमच्या कार्यालयात, तुमच्या पाऱ्यात म्हणजे मोहल्ल्यात असा एखादा गृहस्थ तुम्हीही पाहिला असेल. पण आमचा त्या सर्वांत अव्वल होता, आणि याबाबत मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

वादाला कारणही आहे. त्याच्या लवंगेविषयी रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यात आज दोन कथा चालतात. एक अशी, की दाढ दुखायची म्हणून तो तोंडात लवंग धरी. दुसरी, की कोण्या महाराजाने त्याला मौन पाळायला सांगितले होते. दोन्ही साफ खोट्या. त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात शेवटपर्यंत शाबूत होते, आणि कोणत्याही महाराजाचे पहिले वाक्य संपेपर्यंत तो थांबलाच नसता. खरे काय घडले ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथे बसलो होतो.

राज्य नुकतेच नवे झाले होते. जुन्या राजधानीतून, भोपाळहून, फाइली पोत्यांत भरून रायपूरला येत आणि आमच्या आवक-जावक शाखेत आम्ही त्या पोत्यांवर बसूनच डबे खात असू. आपली फाइल कुठे आहे, हे विचारायला लांबलांबून माणसे येत. खिडकीवर हा. "साहब, मेरे पिताजी" एवढेच ऐकून तो म्हणे, "पेन्शन. तिसरा टेबल." आणि खरोखर ते प्रकरण पेन्शनचेच असे. पंचाईत होती ती हीच. दहापैकी नऊ वेळा त्याचा अंदाज बरोबर निघे. दहाव्या माणसाला काय हवे होते ते आम्हाला कधी कळले नाही, कारण तो तिसऱ्या टेबलावरून परस्पर घरी जाई.

आपण लोकांचा वेळ वाचवतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. घरीही तेच. पत्नीने लांब वाक्ये बोलणे केव्हाच सोडले होते. ती भाजीचे नाव उच्चारून थांबे.

त्यांना एकच मुलगी. मराठी तिला सगळी समजे, बोले मात्र हिंदीत. समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात रक्त तपासण्याच्या कामावर ती नुकतीच लागली होती. तिला नागपूरचे स्थळ आले. याने शब्द दिला, साक्षगंधाचा दिवस ठरला. त्यानंतर तीन आठवडे ती रोज "बाबा, वो नागपूरवाले" अशी सुरुवात करी आणि हा पंजा वर धरी. "समजलं मले. साडीचं म्हणत असशील. रविवारी पंडरीच्या कापडबाजारात जाऊ."

भाव करण्यासाठी मला बरोबर घेतले होते. मी भाव उत्तम करतो. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी कृपा करून माझ्या घरच्यांना विचारू नये. दुकानात आम्ही गादीवर बसलो. समोर बडीशेप आणि लवंगांची तबकडी होती. बघता बघता साड्यांचा ढीग झाला, पण मुलगी एकीलाही हात लावीना. प्रत्येक साडीवर हाच बोले, "हा रंग तिले आवडते." शेवटी दुकानदाराने अर्धी उघडलेली घडी तशीच हातात धरली आणि थेट तिला विचारले, "दीदी, आप क्या चाहती हैं?" आणि तो थांबला. नुसता थांबला.

"भैया, साडी मत दिखाइए," ती म्हणाली. "मुझे ये शादी नहीं करनी. तीन हफ्ते से घर में बोलने की कोशिश कर रही हूं."

त्याचा पंजा वर आला. तोंड उघडले. त्यातून काय बाहेर पडणार ते मला पाठ होते. मीच त्याला गप्प केले, असे काही जण सांगतात. ते श्रेय माझे नाही, आणि जे माझे नाही ते मी घेत नाही. पंजा क्षणभर हवेत राहिला. मग तो तबकडीकडे गेला, त्याने एक लवंग उचलली, उघड्या तोंडात टाकली आणि तोंड मिटले.

मग ती बोलली. लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल, असे मुलाने तिला फोनवर सांगितले होते. तुझ्या वडिलांनी हे मान्य केले आहे, असेही सांगितले होते. "आपने हां कर दी, बाबा. मुझसे पूछा भी नहीं."

मला नागपूरची स्थळाची बैठक आठवली; तिथेही मी सोबत होतो. मुलाचे वडील "नोकरीचं मात्र आमच्या इकडे" असे म्हणू लागले होते, आणि याने पंजा वर धरून "समजलं मले" म्हटले होते. तिला नागपुरात दुसरी नोकरी बघावी लागेल, असे वाक्य याने मनातल्या मनात पूर्ण केले होते. आता तेच त्यालाही आठवत होते. चेहऱ्यावर दिसत होते.

"झालं तुयं बोलून?" लवंग गालात सरकवून त्याने विचारले.

"नहीं, बाबा."

त्याने दुसरी लवंग उचलली.

लग्न मुलाकडच्यांनी मोडले, ही तिसरी अफवा. तीही खोटी. शब्द परत घ्यायला हा स्वतः नागपूरला गेला, आणि मी सोबत होतो. मुलाचे वडील दीड तास बोलले. याच्या घराण्यापासून रायपूरच्या पाण्यापर्यंत त्यांनी काही सोडले नाही. उत्तर द्यायला मी दोनदा उठलो, आणि दोन्ही वेळा याने सदरा धरून मला खाली बसवले. त्या दिवशी चार लवंगा लागल्या. शेवटी तो म्हणाला, "तुमचं खरं आहे. मी तेव्हा पूर्ण ऐकलंच नाही. चूक माही आहे."

पुढे खिशात लवंगांची पत्र्याची डबी आली. खिडकीवर कोणी बोलू लागला की लवंग तोंडात जाई. सवय काही एका दिवसात सुटली नाही. पहिल्या महिन्यात अनेकदा "समजलं" आणि लवंग, दोन्ही बरोबरच बाहेर पडली, आणि कित्येक फाइलींना मसाल्याचा वास लागला. माणूस फार रेंगाळला की दाढेखालून लवंग फोडल्याचा कडक् असा आवाज येई, आणि सराईत माणसे तो ऐकून आवरते घेत.

पण दहाव्या माणसाचीही पाळी आली. एक वृद्ध म्हणाला, "साहब, मेरे पिताजी," आणि खिडकीचा गज धरून शब्द शोधू लागला. पेन्शन नव्हती. त्याच्या वडिलांचा एकमेव फोटो त्यांच्या जुन्या अर्जाला चिकटवलेला होता. तो बघायला तरी मिळेल का, एवढेच त्याला विचारायचे होते. हा दोन दिवस पोत्यांत डोके घालून बसला. फोटो सापडला.

मुलीची नोकरी सुटली नाही. लग्न पुढे झाले, तिला हवे तिथे. रोज संध्याकाळी फोनवर ती त्याला दवाखान्यातली लांबलचक हकीकत हिंदीत सांगे आणि हा नुसता हुंकार देई.

त्याच्या तेरवीला आमच्या शाखेतला एक जुना सहकारी चार जणांना दाढेची गोष्ट सांगत होता. मी उठलो. तेवढ्यात मुलगी समोर आली. तिच्या तळहातावर ती डबी होती.

"काका," ती मराठीत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बाबांनी सांगितलं होतं, ही डबी..."

ती अडली. पुढचे शब्द मला स्वच्छ दिसत होते. मी थांबलो. तिला बराच वेळ लागला.

"तुमाले द्यायची."

मी डबी उघडली, एक लवंग तोंडात टाकली आणि परत जागेवर बसलो. सहकाऱ्याने आपली गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, दातांच्या डॉक्टरासकट. मी ती पूर्ण ऐकली.

मात्र लिहिताना तोंडात लवंग असली तरी अडत नाही. त्याची दाढ कधीही दुखत नव्हती.