बाभळीचा ठोकळा

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये नोकरी केली की केसांत रुई साठते, तसे किस्सेही साठत जातात. कितीही झटका, चार चिकटून राहतातच. राजापेठेत चहावर मी ते सांगतो तेव्हा मित्र खो-खो हसतात. मला मात्र त्या मशीनची अजून भीती वाटते, उघड सांगतो. सांगताना मी दोन्ही हात खिशात ठेवतो!

* * *

वलगावकडची जिनिंग, माझा पहिला दिवस. मी डिप्लोमावाला, थिअरी ऑफ मशीन्समध्ये वर्गात पहिला! आमचे जुने फिटर रहीमचाचा यांनी विचारलं, "साहेब, मशीन चालू हाय का बंद?"

"बंद. स्विच पाडलाय ना मी!"

चाचांनी एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, उचलून फ्लायव्हीलच्या जड चाकाच्या आऱ्यांत धरली. कडाड! अर्धीच हातात राहिली.

"स्विच बंद झाला साहेब. हे नाही झालं अजून."

त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही.

* * *

आमचे ऑपरेटर सुभाषभाऊ. गळ्यात कायम दुपट्टा. एकदा तो मशीनच्या पट्ट्यात गेला. नशीब, गाठ मारलेली नव्हती! क्षणात दुपट्टा पुलीवर आणि सुभाषभाऊ भिंतीला टेकून पांढरेफटक.

घरी बायकोनं विचारलं, "दुपट्टा कुठं हरपला?"

"मशीननं मांगला. देऊन टाकला!"

आम्ही खूप हसलो. दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळ्यांचे दुपट्टे दाराबाहेरच्या खिळ्याला.

* * *

एकदा अमरावतीहून कॉलेजची पोरं मशीन बघायला आली. एका मुलीनं चाचांनाच गाठलं, "काका, या मेकॅनिझमची डिग्री ऑफ फ्रीडम किती?"

मला वाटलं, आता चाचा अडकले.

"एक," चाचा म्हणाले. बरोबर उत्तर! "म्हंजे बेटा, याले एकच रस्ता मालूम हाय. त्या रस्त्यात कोनाचं बोट हाय, ते याले दिसत नाही."

सगळ्या पोरांनी एकदम हात मागे घेतले. मीसुद्धा.

* * *

जिनचा चाकू क्रँकनं, म्हणजे फिरत्या वाकड्या दांड्यानं, वरखाली होतो. कापूस अडकला की आत हात घालावाच लागतो. मी आधी फ्यूज काढून खिशात टाकायचो. एकदा क्रँक आणि त्याला जोडलेला रॉड अगदी एका रेषेत थांबले होते. मी ऐटीत शिकवलं, "याला डेड सेंटर म्हणतात, चाचा. आता रॉड कितीही ढकला, क्रँक फिरणार नाही."

"अन् अडकलेला कापूस सुटून झटका बसला तं? कोन्या बाजूनं फिरन?"

"ते... सांगता येत नाही. कोणत्याही."

चाचा उठून गेले. बाभळीचा एक ठोकळा आणून त्यांनी क्रँकखाली सारला. पुढे कोणीही आत हात घातला की ते ठोकळा घेऊन हजर! "फ्यूज माझ्या खिशात आहे ना!" म्हणत मी त्यांची चेष्टा करायचो.

* * *

चाचा रिटायर झाले आणि अकोल्याला मुलाकडे निघाले. जाताना तो ठोकळा त्यांनी माझ्या हातात दिला. त्यावर क्रँकनं चेपलेले तीन खड्डे होते.

"हा सुभाषचा. हा माहा."

"आणि हा?"

"तुमचा, साहेब."

"माझा? मला कधी काही झालंच नाही, चाचा!"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी. तुमी आत हात घालून गानं म्हणून राहिले होते. अडकलेला कापूस सुटला अन् क्रँक ठोकळ्यावर आदळला. बाजूची मशीन चालू होती, आवाज नाही आला तुमाले."

"सांगितलं का नाहीत?"

"मंग दुसऱ्या दिवशी हात घातला असता तुमी?"

"पण फ्यूज?"

"तुमच्या खिशातच होता."

मी त्या खड्ड्यात बोट घालून पाहिलं. पहिलं पेर पूर्ण आत गेलं.