पाठीवरचा उंबर

मोटरसायकलवर कणगी नेता येत नाही, हे मला कणगी बांधून निघाल्यावर कळलं. रिकामी होती, वजन काहीच नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो. मुरबाडच्या बाहेर मोकळ्या माळावर वारा तिच्यात शिरला आणि गाडी मी सांगेन तिकडे जायचं सोडून कणगी सांगेल तिकडे जायला लागली. शेवटी एका शेताच्या बांधात जाऊन आम्ही तिघंही थांबलो.

लढाई संपल्यावर लष्कराचं जुनं सामान विकायला निघालं, त्यातली ही गाडी. मी ज्यांच्याकडे नोकरीला होतो त्या लाकडाच्या ठेकेदारांनी ती घेतली. शहापूर आणि मुरबाड अशा दोन्ही तालुक्यांत त्यांची जंगलतोड चालायची आणि कुठे किती माल पडला ते पाहत हिंडणं हे माझं काम. कागदोपत्री गाडी ठेकेदारांची, चालवणारा मी, पण प्रत्यक्षात ती वाटेवरच्या सगळ्या गावांची होती. लोक तिला फटफटी म्हणायचे. कुणी थांबवायचं आणि विचारायचं, "रिकामाच चाललास?" मी रिकामा कसा? मी वर बसलेलो आहे की नाही? पण तसं म्हणायचं धाडस कधी झालं नाही. एकदा दाराची चौकट गळ्यात घालून वाशिंदपर्यंत गेलो. एकदा पोत्यातल्या बोकडानं डोकं बाहेर काढून माझी टोपी खाल्ली. दोन माणसांनी ओढायची लांब करवत आडवी बांधली तर ती हिसक्यासरशी थरथरायला लागे आणि समोरची बैलं उधळत. हो म्हणायची सवय माणसाला कुठे नेऊन सोडील याचा नेम नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

हे सगळं एकीकडे, आणि माझ्या भाचीच्या लग्नातला उंबर एकीकडे.

माझी धाकटी बहीण डोळखांबकडच्या एका पाड्यात दिलेली. मेहुणे जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोर एकच, लग्नाची. आदल्या वर्षी तिचं एक लग्न ठरलं होतं. हळदीच्या दिवशी मांडवात भरून ठेवलेला कलश कलंडला. कुणाचा पाय लागला, का कुत्रं गेलं, कुणालाच सांगता आलं नाही. मुलाकडची माणसं भांडली नाहीत की बोलली नाहीत. पायताणं घातली आणि उठून चालू लागली. त्यानंतर पोरीकडे बघायला कुणी येईना. आता महत्प्रयासानं हे दुसरं स्थळ आलं होतं, आणि तिकडे मुलाच्या आत्याचा शब्द चालायचा. ठरवायला आली तेव्हाच तिनं बहिणीला बजावलं होतं, "मांडवात काय उनं पडाया नको हां, बाय. आमी लई बघतो."

आमच्या लोकांत हळदीच्या दिवशी मांडवात उंबराची फांदी लागते. मुलीच्या मामानं ती आपल्या गावच्या उंबराची तोडायची आणि मांडवातल्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, बांधेपर्यंत जमिनीला टेकू द्यायची नाही. टेकली की देवक बाटलं. मुलाकडचे आपली फांदी घेऊन येतात आणि दोन्ही फांद्या एकाच मेढीला बांधतात. इतकं मला ठाऊक होतं. यापलीकडे काहीच ठाऊक नव्हतं, कारण आमच्या घरात हे सगळं मोठी माणसं बघायची आणि ती एकेक करून गेली. मोठा आता मीच उरलो होतो, हे मला अजून पटलेलं नव्हतं.

बहिणीनं आणखी एक सांगितलं होतं. येताना आपल्या गावची धवलारीण घेऊन ये. धवलारीण म्हणजे लग्नात धवला म्हणणारी बाई. ती गाते आणि ती गाईल तसे विधी पुढे सरकतात. तिनं तोंड मिटलं तर भलेभले हातात अक्षता घेऊन उभे राहतात. आमच्या गावची धवलारीण म्हातारी होती, तोंडात कायम मशेरी, आणि फटफटीवर बसायला ती जराही घाबरली नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता.

"फांदी मामानं न्यायची. तुजं हात तर त्या शिंगांना. मग नेनार कोन?"

मी म्हणालो, "मावशे, तू धर."

"मी काय मामा हाय?"

मग तिनंच माझं उपरणं घेतलं आणि फांदी माझ्या पाठीला बांधली, उभी, कमरेपासून डोक्याच्या वर दीड हात. फांदी कसली, लहानसं झाडच ते. तोडलेल्या बाजूनं चीक गळून माझ्या विजारीत उतरू लागला. पिकलेल्या उंबरांतून चिलटं निघून कानात शिरू लागली. म्हातारी मागच्या सीटवर एका अंगानं बसली, पानांत तोंड खुपसून, आणि आम्ही निघालो. वाटेत लोक थांबून बघत. एकानं तर हात जोडले. मला जोडले, उंबराला जोडले का धवलारणीला, देव जाणे.

मला सारखी एकच धास्ती. गाडी बंद पडली तर? मी टेकून बसू शकत नव्हतो, वाकू शकत नव्हतो. पाठ खाजवायची तरी चोरी. इतकी वर्षं मी गाडीवर ओझी वाहिली, पण ओझं गाडीवर असायचं. हे माझ्यावर होतं.

शाई नदीपर्यंत सगळं सुरळीत झालं. वैशाखातली नदी, वाळू आणि मधे गुडघाभर पाण्याची धार. बैलगाड्या जातात तिथूनच गाडी घातली. अर्ध्यात पुढचं चाक वाळूत रुतलं आणि गाडी हळूहळू कलायला लागली. अगदी हळू. विचार करायला भरपूर वेळ होता आणि मी तो विचार करण्यातच घालवला. उजवीकडे पडलो तर फांदी दगडावर, डावीकडे पडलो तर म्हातारीवर. शेवटी मी उताणा पाण्यात पडलो. म्हातारी त्याआधीच लुगडं सावरून उतरली होती.

मी पाठीवर, फांदी माझ्याखाली, हातपाय वर. तिनं मला उठवलं नाही. आधी विचारलं, "तलाला लागली का?"

"मला काय ठाऊक?"

"तुज्या पाठीला हाय. तुला कलायला नको?"

मला खरोखर कळलं नव्हतं. खाली काहीतरी टेकलं होतं. ते पाणी होतं का वाळू, का माझ्याच पाठीचं हाड? आणि नदीचा तळ म्हणजे जमीन का? पाण्याखालची जमीन जमिनीत धरतात की नाही? मी उभा राहून निथळत होतो आणि हे प्रश्न म्हातारीला विचारत होतो. ती दात घासत ऐकत होती.

"मावशे, परत जाऊन दुसरी तोडू?"

"परत जाशील तर रात व्हईल. ते येऊन बसले असतील."

"मग इथलीच तोडतो. हा बघ काठाला उंबर."

"तो तुज्या गावचा नाय."

"मग सांगायचं का नाही तिथे?"

तिनं पचकन थुंकून पाण्याकडे बघितलं. "चल," म्हणाली, "गाडी काड."

गाडीत पाणी गेलं होतं. तिचा प्लग काढून मी म्हातारीच्या पदराला पुसला, फांदी आभाळाकडे राहील असा ताठ गुडघ्यांवर बसून. चढापर्यंत ढकलली, मग कशीबशी सुरू झाली. पुढची सगळी वाट मी मनात एकच घोळवत होतो. सांगितलं तर आत्या उठेल आणि पोरीचं हेही लग्न जाईल. नाही सांगितलं आणि पुढे पोरीचं काही वाकडं झालं, तर ते माझ्या पाठीवरून झालं असं मला जन्मभर वाटत राहील. पाड्याची घरं दिसेपर्यंत काहीच ठरलं नव्हतं. मी भलताच घाबरलो होतो.

मांडवात मुलाकडची माणसं उष्टी हळद आणि त्यांची फांदी घेऊन येऊन बसलेली होती. आत्या पुढे, मांडी घालून. बहिणीनं माझे ओले कपडे पाहिले, फांदी पाहिली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती मागे येऊन उपरण्याची गाठ सोडू लागली. तिच्या बोटांना गाठ सुटता सुटेना. फांदी मेढीपाशी मी हातातच धरून उभा राहिलो. धवलारीण बसली, चूळ भरली आणि तिनं धवला धरला. देवांची नावं झाली, गावाचं नाव झालं, मामा निघाला. आणि मग तिनं पुढे म्हटलं:

*उंबर निंगाला मामाचे पाठी,*
*शाईचे पान्यान न्हाला गो, उंबर न्हाला.*
*मामा पडला, उताना पडला,*
*उंबर तयाचे खाली गो, उंबर खाली.*

धवल्यात मागच्या बायका प्रत्येक ओळ उचलून धरतात. त्यांनी तीही उचलली. मांडवभर बायका एका सुरात म्हणाल्या, मामा पडला, उताना पडला. एकदा नाही, दोनदा. मी फांदी हातात धरून उभा. धवलारणीला थांबवावं तर विधी मोडतो, पळावं तर हातात देवक.

आत्यानं हात वर केला. गाणं थांबलं. बहीण मेढ धरून खाली बसली.

आत्या उठून माझ्यापाशी आली. तिनं फांदीची पानं उलटीपालटी करून पाहिली, बोटानं पाणी टिपलं. मग मागे वळून आपल्या फांदीकडे पाहिलं. ती दुपारची उन्हातून आणलेली, पानांवर धुळीचा थर.

"पोरीकडचा उंबर नदीत न्हाऊन आला," ती आपल्या माणसांवर ओरडली, "आनि आमचा पारोसा? पारोशाची गाठ न्हालेल्याशी बांदतात का रे? तरी मी सांगत व्हती, काय उनं ठेवू नका. उठा सगले! हंडे घ्या!"

ती आम्हांला सांभाळून घेत होती, का तिला खरंच आपल्या बाजूला उणेपणा वाटला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर तिच्याशी इतकी सोयरीक झाली तरी विचारायचा धीर झाला नाही. मुलाकडचे सगळे पुरुष एकदम उठले. पायताणांचा एकच आवाज झाला आणि निम्मा मांडव रिकामा झाला.

फांदी बहिणीच्या हातात देऊन मी आत गेलो. भाची हळदीचं लुगडं डोक्यावरून पार खाली ओढून भिंतीशी बसली होती. लुगड्याआड तिला बाहेरचं बोलणं धड कळलं नव्हतं, पावलं तेवढी ऐकू आली होती. माझी चाहूल लागताच तिनं लुगड्याखालून हात काढून माझी ओली बाही घट्ट धरली. हात हळदीनं पिवळा होता.

"मामा," ती म्हणाली, "गेले का ते?"

"गेले गो," मी म्हणालो. "पानी आनाया गेलेत."