कळसच्या मामींचा जोड

कळसच्या मामी वेल्डिंगच्या कुठल्याही कामाला लगेच हो म्हणायच्या नाहीत. आधी विचारायच्या, "ह्याच्यावर भार कुणाचा पडणार?" पाळणा असो, शिडी असो की उसाची ट्रॉली, हा प्रश्न चुकायचा नाही. साडीवर मामांचा जुना शर्ट, तोंडापुढं काळ्या काचेची ढाल, आणि ढाल वर केली की घामानं डबडबलेला हसरा चेहरा. आसपासच्या गावांच्या त्या मामी होत्या आणि आम्ही गिऱ्हाइकं त्यांचे भाचे.

हे काम मुळात मामांचं. त्यांनी घाईत जोडलेली एक शिडी तुटली आणि शेजारच्या माणसाचा पाय कायमचा अधू झाला. मामांनी पुन्हा वेल्डिंगला हात लावला नाही. शेड बंद पडायची वेळ आली तेव्हा मामी म्हणाल्या, "तुमी निस्तं शेजारी बसून सांगा. हात माझा चालंल." मामा सांगत राहिले, मामी शिकत गेल्या.

मी सांगवीचा. सेकंडहँड क्रूझर मोटारसायकल घेतली होती. पुढचं चाक लांब पुढं गेलेलं, हँडल मागं कललेलं, असा रुबाब मला हवा होता. त्यासाठी चेसिसची मान, म्हणजे हँडल जिथं बसतं तो भाग, कापून तिरपा जोडावा लागतो आणि पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर लांब घालावे लागतात. बारामतीतल्या एका मेकॅनिकनं हात जोडले. दुसरा म्हणाला, संध्याकाळी घेऊन जा. मला भीती त्या दुसऱ्याचीच वाटली, म्हणून कळसला गेलो.

"भार कुणाचा?"

"माझा. कधीमधी मागं आईचा."

"मग आईला घिऊन ये."

लाज वाटली, पण आणलं. मामींनी आईला मागं बसवलं, जमिनीवर खडूनं रेघा मारल्या, मानेपासून दोरी सोडली. "सरळ रस्त्याला झ्याक पळंल. पण हळू वळताना हँडल हातात ऱ्हायचं न्हाय." मी फोनमधला फोटो पुढं करत हट्ट धरला. शेवटी त्यांनी माझ्या मनासारखं केलं. दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारून जोड पक्का केला, हातोडीनं ठोकून कान लावून ऐकला.

आईला मागं घेऊन शेडपुढच्या अंगणात वळलो. हँडल एकदम आत पडलं आणि आम्ही दोघं वाळूच्या ढिगावर. आईला लागलं नाही, ती हसायलाच लागली. मामी हसल्या नाहीत.

"चूक माझी हाय. तुझं ऐकाय नको हुतं. गाडी ऱ्हाऊ दे हितंच."

दोन दिवसांवर इंदापूरला चुलतभावाची वरात होती. तिथं सगळ्या मित्रांना गाडी दाखवायची म्हणून मी फुशारक्या मारून ठेवल्या होत्या. माझा आवाज चढला. "मामी, गाडी माझी हाय. पडलो तर मी पडंन."

मामींनी ग्राइंडर उचलला आणि माझ्यादेखत स्वतःचाच जोड कापला. पुढचं चाक हँडलसकट वेगळं झालं. "आता ने," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

वरातीला मी एसटीनं गेलो. आठवडाभर रागातच होतो. मग मामांचा फोन आला. "तिनं तीन येळा मान जोडली आन तीन येळा कापली. आता चौथ्यांदा जोडलीया. धड जेवली न्हाय. येऊन बघ तरी."

आईला घेऊन गेलो. चाक पुढंच होतं, पण फोटोतल्यापेक्षा वीतभर कमी. अंगणात वळलो, पुन्हा वळलो, आईला मागं घेऊन वळलो. हँडल आत पडलं नाही. मामी दाराला टेकून बघत होत्या. "राग गेला का, भाच्या?" मी खाली उतरून त्यांच्या पाया पडलो.

गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. अस्थी नीरा नरसिंहपूरच्या संगमावर न्यायच्या होत्या. पाहुण्यांनी जीप आणली होती, पण मामा अस्थींचं मडकं घेऊन थेट माझ्या गाडीवर मागं येऊन बसले. "हिच्यावरनंच नेऊ तिला."

संगमाकडं उतरताना रस्ता अरुंद होतो. समोरून माणसं येत होती. मी गाडी अगदी हळू केली आणि वळवली. हँडल हातातच राहिलं. मामांनी एका हातानं माझा खांदा धरला होता. तो हात काढून त्यांनी मडक्यावर ठेवला.

"बघितलंस का," ते हळूच म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते.